मुलांच्या हृदयाचं काम करायचंय, तर बायोस्टॅट शिकावं का?

प्रश्न एका रेसिडेंट डॉक्टरचा आहे. थोडक्यात असा: "मी एमडी बालरोगाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पुढे डीएम पेडियाट्रिक कार्डिओलॉजी (मुलांच्या हृदयविकारातली पुढची पदवी) करायचंय. एक सर म्हणाले, आधी दोन वर्षं बायोस्टॅटिस्टिक्सची एमएस्सी कर. बाकी सगळे म्हणतात, तो वेळ एको शिकण्यात घाल. गणित दहावीनंतर सुटलं. माझा थिसिस कावासाकी आजार झालेल्या मुलांच्या कोरोनरीवर (हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांवर) आहे, ४० मुलांचा डेटा एक्सेलमध्ये आहे. बायोस्टॅटचा खरंच उपयोग होतो का? आणि माझा मावसभाऊ पुण्यात एमएस्सी स्टॅटिस्टिक्स करतोय, त्याला या क्षेत्रात वाव आहे का?"

एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, आधी शिका. दोन वर्षांची वेगळी एमएस्सी आत्ता करू नका. आणि तरीही बायोस्टॅट, म्हणजे वैद्यकातलं संख्याशास्त्र, शिका, तेही डीएमला जायच्या आधीपासून. हे तिन्ही एका दमात कसं म्हणते, ते सांगते. उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

मी बावीस वर्षं मुलांची हृदयं बघते आहे. त्यातली पहिली आठ वर्षं स्टॅटिस्टिक्स म्हणजे पेपर पाठवायच्या आदल्या रात्री "सर, तेवढी पी व्हॅल्यू काढून द्या ना" म्हणत कुणाच्या तरी दारात उभं राहणं, एवढीच माझी समज होती. नंतर नोकरी सांभाळून रीतसर शिकले. त्याला कारण झाली एक स्लाइड.

तेव्हा मी ज्या युनिटमध्ये होते, तिथे एक अवघड ऑपरेशन नव्याने सुरू झालं होतं. पहिली तीस बाळं सुखरूप घरी गेली. वार्षिक बैठकीत मी स्लाइड लावली: शस्त्रक्रिया ३०, मृत्यू ०. टाळ्या पडल्या. त्यानंतर ओपीडीत कुणी "डॉक्टर, धोका किती?" असं विचारलं की मी सांगायचे, "आमच्याकडे अजून एकही बाळ गेलेलं नाही." यात खोटं काहीच नव्हतं. बैठकीला मागच्या रांगेत पीएसएमचे (सामाजिक वैद्यकाचे) एक वयस्क सर बसले होते. चहाच्या वेळी त्यांनी कागदी रुमालावर हिशोब मांडला. खरा धोका पाच टक्के आहे असं धरा. मग ओळीने तीस बाळं वाचण्याची शक्यता म्हणजे ०.९५ चा तिसावा घात, साधारण २१ टक्के. पाच टक्के धोका असलेली पाच युनिट्स घेतली, तर त्यातल्या एकाची स्लाइड माझ्यासारखीच स्वच्छ निघणार. मग त्यांनी तीनाचा नियम सांगितला. एकही वाईट घटना घडली नसेल, तर तीनला केसेसच्या संख्येने भागायचं. खरा धोका फार तर तेवढा असू शकतो, असं ९५ टक्के खात्रीने म्हणता येतं. तीन भागिले तीस, म्हणजे दहा टक्के. माझी स्लाइड एवढंच सांगत होती की धोका शून्यापासून दहा टक्क्यांपर्यंत कुठेही असू शकतो.

पुढच्या बारा बाळांत दोन गेली. त्या दोघांच्या आईवडिलांना मी "एकही बाळ गेलेलं नाही" हेच वाक्य सांगितलं होतं.

आपल्या शाखेचं दुखणं इथेच आहे. हजार जिवंत जन्मांमागे आठ-नऊ बाळांना जन्मजात हृदयदोष असतो. ऐकायला आकडा मोठा वाटतो, पण तो डझनावारी प्रकारांत वाटला जातो. मोठ्यांच्या कार्डिओलॉजीत एक डॉक्टर वर्षाला शेकड्याने अँजिओप्लास्टी करतो. आपल्याकडे एखाद्या प्रकारच्या दोषाची वर्षाला चार-पाच बाळं आली तर "आमच्याकडे भरपूर येतात" असं म्हणण्याची पद्धत आहे. इतक्या थोड्या आकड्यांत चांगलं नशीब कौशल्यासारखं दिसतं आणि वाईट नशीब निष्काळजीपणासारखं.

याचा सगळ्यात प्रामाणिक अभ्यास एका सर्जननेच स्वतःवर केला आहे. लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट रुग्णालयातले मार्क द लेव्हाल. शरीराला रक्त नेणारी एओर्टा आणि फुप्फुसांना नेणारी पल्मनरी आर्टरी यांच्या जागा उलट असलेल्या नवजात बाळांवर ते आर्टेरियल स्विच, म्हणजे त्या जागा अदलून देणारं ऑपरेशन, करायचे. पहिल्या ५२ बाळांत एक मृत्यू. मग ५३ ते ६८ या सोळा बाळांत सात मृत्यू. हे नशीब की हात? त्यांनी कारखान्यातल्या मालाची प्रत तपासायला वापरतात ते क्युसम तंत्र स्वतःच्या निकालांना लावलं, दुसऱ्या केंद्रात जाऊन ते ऑपरेशन पुन्हा शिकून घेतलं, आणि १९९४ मध्ये हे सगळं छापलं. क्युसमचं तत्त्व घरखर्चाच्या वहीइतकं सोपं आहे. अपेक्षित धोका पाच टक्के असेल, तर बाळ वाचलं की ०.०५ जमा, गेलं की ०.९५ खर्च. शिल्लक शून्याच्या आसपास खालीवर होत राहिली तर काळजी नाही. ती सतत घसरत गेली तर थांबून बघायचं. वर्षाच्या शेवटी टक्केवारी काढणाऱ्याला ही घसरण दिसतच नाही, कारण सोळातले सात हे आकडे एकूण अडुसष्टांत विरघळून जातात.

याच सुमारास ब्रिस्टलमध्ये उलटं घडत होतं. तिथल्या मुलांच्या हृदयशस्त्रक्रियांचे निकाल वाईट आहेत, असं भूलतज्ज्ञ स्टीफन बोल्सिन स्वतः आकडे ठेवून सांगत होते आणि ते ऐकलं जात नव्हतं. शेवटी सार्वजनिक चौकशी झाली. तिचा अहवाल २००१ मध्ये आला. १९९१ ते १९९५ या काळात एक वर्षाखालची ३० ते ३५ बाळं, इतर केंद्रांच्या मानाने, जास्तीची दगावली असा निष्कर्ष निघाला. त्या चौकशीतल्या संख्याशास्त्रज्ञांच्या गटाचं नेतृत्व डेव्हिड स्पीगलहाल्टर यांनी केलं होतं.

पण ही गोष्ट इथे थांबवून "आकडे ठेवा, सत्य कळेल" असं मी म्हणणार नाही, कारण लीड्सही झालं. २०१३ मध्ये तिथल्या मुलांच्या हृदयशस्त्रक्रिया मृत्यूदर जास्त दिसतो म्हणून अचानक थांबवण्यात आल्या. मग लक्षात आलं की त्या केंद्राने पाठवलेला डेटाच अपुरा होता. दहा-बारा दिवसांत शस्त्रक्रिया पुन्हा सुरू झाल्या. मधल्या काळात ज्या घरांत बाळाची ऑपरेशनची तारीख ठरली होती, त्यांच्यावर काय गुदरलं असेल ते बघा. वजन न भरलेलं, निदानाचा कोड चुकलेला, जोडीचा आजार नोंदवायचा राहिलेला अशा रेकॉर्डमध्ये मुलं प्रत्यक्षात असतात त्यापेक्षा कागदावर निरोगी दिसतात, मग त्यांचे मृत्यू अनपेक्षित ठरतात. तुलना करायची तर धोक्याची जुळवाजुळव, म्हणजे कुणाकडची मुलं मुळात किती आजारी होती ते हिशोबात धरणं, लागतेच. आपल्या शाखेत रॅक्स-वन ही ऑपरेशनांना धोक्यानुसार सहा गटांत घालणारी पद्धत २००२ पासून आहे, तिच्यामागे बॉस्टनच्या कॅथी जेन्किन्स. त्यांनीच पुढे विकसनशील देशांतल्या केंद्रांसाठी एक गुणवत्ता-सुधार गट उभा केला. भारतातली अनेक केंद्रं त्यात आकडे पाठवतात. मी अशा नोंदणीचं काम बरीच वर्षं केलं आहे. त्यातलं ऐंशी टक्के काम कंटाळवाणं असतं: रात्री नऊ वाजता फायली उघडून "इन्फेक्शन: नाही" असं लिहिलंय की रकाना रिकामाच आहे, हे बघत बसायचं. रिकामा रकाना म्हणजे "नाही" नव्हे. हे एक वाक्य माझ्या फेलोंना मी दर वर्षी सांगते आणि दर वर्षी कुणीतरी विसरतं.

आता तुमच्या थिसिसकडे येते, कारण कावासाकी हा बायोस्टॅट शिकायला आयताच मिळालेला विषय आहे.

तोमिसाकू कावासाकी यांनी जपानमध्ये १९६७ मध्ये वर्णन केलेला हा आजार. उपचार न झाल्यास साधारण चौथ्या हिश्श्याच्या मुलांच्या कोरोनरी बिघडतात. वेळेवर आयव्हीआयजी (शिरेतून द्यायची प्रतिपिंडं) दिल्यास हे प्रमाण चार-पाच टक्क्यांवर येतं. पण कोरोनरी "बिघडली" हे ठरवणार कसं? तीन मिलिमीटरची कोरोनरी दहा वर्षांच्या मुलीत नॉर्मल असू शकते आणि आठ महिन्यांच्या बाळात ती नक्कीच फुगलेली. मोठ्यांच्या कार्डिओलॉजिस्टला हा प्रश्न फारसा पडत नाही, त्याच्या पेशंटचं शरीर वाढायचं थांबलेलं असतं. आपण मात्र दर वेळी विचारतो की या उंची-वजनाच्या निरोगी मुलांच्या सरासरीपासून हे माप किती प्रमाण-विचलनं दूर आहे. तोच झेड स्कोर. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या २०१७ च्या वर्गीकरणात २ च्या खाली नॉर्मल, २ ते २.५ नुसतं रुंदावणं, २.५ पासून ५ पर्यंत लहान अन्युरिझम (धमनीला आलेला फुगा), ५ ते १० मध्यम, १० च्या वर किंवा माप ८ मिलिमीटर झालं तर मोठा. मुलाला वर्षानुवर्षं अ‍ॅस्पिरिन द्यायची का, रक्त पातळ करणारं आणखी काही द्यायचं का, शाळेत खेळायचं का, हे सगळं या एका आकड्यावर लटकलेलं असतं.

हा आकडा येतो तरी कुठून, ते बघू. आधी शरीराचं पृष्ठफळ: उंची गुणिले वजन, भागिले ३६००, त्याचं वर्गमूळ. ८५ सेंटिमीटर उंची आणि ११ किलो वजनाच्या मुलाचं पृष्ठफळ ०.५१ येतं. सिस्टरने घाईत ११ चा १४ लिहिला तर ०.५७. मशीनला मूल मोठं वाटलं, म्हणून तीच कोरोनरी त्याला कमी फुगलेली वाटणार आणि २.६ चा झेड २.५ च्या खाली घसरू शकतो. एकोचा प्रोब ज्याने धरला त्याचा यात काहीही दोष नाही. मी आजही कावासाकीच्या मुलाचं वजन डोळ्यासमोर करून घेते. लोक हसतात.

पुढची मेख सूत्रांची. झेडची सूत्रं एकाहून जास्त आहेत, वेगवेगळ्या देशांतल्या निरोगी मुलांवरून काढलेली. एकाच मापाला एक सूत्र २.३ म्हणेल आणि दुसरं २.७. मूल तेच, कोरोनरी तीच, पण एका रिपोर्टवर अन्युरिझम आहे आणि दुसऱ्यावर नाही. आपल्याकडे त्यात आणखी एक घोळ. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून चाललेल्या माता-पोषण अभ्यासात बाळांचं सरासरी जन्मवजन साधारण २.७ किलो आढळलं, तुलनेतल्या इंग्लंडच्या बाळांचं ३.५ किलो. आणि ही आपली बाळं नुसती छोटी नव्हती; स्नायू कमी, त्या मानाने चरबी जास्त, अशी त्यांची घडण वेगळी होती. मग परदेशी मुलांवर बसवलेलं पृष्ठफळाचं सूत्र आपल्या बारक्या मुलाला किती लागू पडतं? हा प्रश्न विचारता येणं मी बायोस्टॅटमधून शिकले. त्याचं तात्पुरतं व्यावहारिक उत्तर एवढंच की कुठलं सूत्र वापरलं ते रिपोर्टवर लिहा, आणि त्या मुलाच्या सगळ्या तपासण्यांना तेच वापरा. महिन्याभराने दुसऱ्या लॅबने दुसऱ्या सूत्राने काढलेला झेड बघून "सुधारणा आहे" म्हणणं हा रोजच्या ओपीडीत घडणारा अपराध आहे.

आणि एक छोटीशी गंमत. झेड २ च्या वर असणं निरोगी मुलांतही घडतं, शंभरात दोन-सव्वादोन वेळा. तुम्ही एकाच मुलाच्या तीन कोरोनरी मोजता. त्या एकमेकींपासून स्वतंत्र धरल्या तर निदान एक तरी २ च्या वर निघण्याची शक्यता जवळजवळ सात टक्के होते. प्रत्यक्षात त्या पूर्ण स्वतंत्र नसतात, म्हणून थोडी कमी. नुसत्या तापाच्या मुलाचा "फक्त बघून घ्या हो" म्हणून केलेला एको आणि २.१ चा झेड बघून रडवेले झालेले आईवडील समोर बसतात, तेव्हा हे गणित मला फार उपयोगी पडलं आहे.

स्क्रीनिंगचं गणितही असंच रोज लागतं. नवजात बाळाच्या उजव्या हाताला आणि पायाला पल्स ऑक्सिमीटर लावून गंभीर हृदयदोष शोधायची पद्धत आता जगभर रुळली आहे. २०१२ मध्ये सव्वादोन लाखांहून अधिक बाळांवरच्या अभ्यासांचा एकत्रित हिशोब छापला गेला. त्यात चाचणीने सुमारे ७६ टक्के गंभीर दोष पकडले. निरोगी बाळाला "संशयित" ठरवण्याचं प्रमाण चाचणी जन्मानंतर २४ तासांनी केली तर ०.०५ टक्के, आधी केली तर ०.५ टक्के होतं. दोन्ही आकडे नगण्य वाटतात ना? आता दहा हजार बाळंतपणं धरा. हजारी दोन या हिशोबाने २० बाळांना गंभीर दोष, त्यातली १५ पकडली जातील, ५ निसटतील. २४ तासांनंतर चाचणी केली तर खोटे इशारे पाच. म्हणजे इशारा मिळालेल्या चार बाळांत तीन खरोखर आजारी. बारा तासांत करून घरी पाठवायची घाई केली तर खोटे इशारे पन्नास, आणि चारांत जेमतेम एक खरं. यंत्र तेच आहे. ज्या शहरात गर्भावस्थेतच निम्मे दोष सोनोग्राफीत सापडतात, तिथे पुन्हा वेगळं चित्र, कारण मागे उरतात ती कोआर्क्टेशनसारखी (एओर्टा एका जागी अरुंद असलेली) बाळं, आणि ऑक्सिमीटरला नेमकी तीच सापडत नाहीत. खोटा इशारा मिळालेल्या बाळांत बऱ्याचदा न्यूमोनिया किंवा सेप्सिस निघतो, म्हणून ती मेहनतही वाया जात नाही. जिल्ह्याच्या अधिकाऱ्याला "ही चाचणी सुरू करा" म्हणायला जाल, तेव्हा तो पहिला प्रश्न विचारेल: किती बाळं मुंबईला पाठवावी लागतील? त्याचं उत्तर या गणितात आहे, एकोत नाही.

महाराष्ट्रात ही भाषा कामाची आहे, कारण राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच पालघरमधून सुरू झाला आणि शून्य ते अठरा वर्षांच्या मुलांच्या तपासणीत जन्मजात हृदयदोष आणि संधिवाताचा हृदयविकार दोन्ही येतात. पण शाळेत, अंगणवाडीत सापडलेल्या मुलांची यादी म्हणजे तालुक्यातल्या हृदयदोषांची यादी नव्हे. एका शिबिरात एक डॉक्टर मला म्हणाले होते, "आमच्या भागातली निळी बाळं चिवट असतात, तीन-तीन महिन्यांची होऊन येतात." उपचार न मिळालेल्या, जागा उलट असलेल्या एओर्टाच्या बाळांपैकी निम्मी पहिल्या महिन्यात आणि दहातली नऊ वर्षाच्या आत जातात. डॉक्टरांपुढे येत होती ती उरलेली. बाकीच्यांची नोंद कुठल्याही ओपीडीच्या वहीत नव्हती.

ट्रायल वाचण्याबद्दल एकच उदाहरण देते, कारण ते मी शिकवायला दर वर्षी वापरते. हृदयाची डावी बाजू न वाढलेल्या बाळांच्या नॉरवुड शस्त्रक्रियेत फुप्फुसांना रक्त पुरवायला दोन प्रकारची जोडणी करता येते. उत्तर अमेरिकेतल्या १५ केंद्रांनी मिळून साडेपाचशे बाळांवर दोन्हींची तुलना केली. निकाल २०१० मध्ये आला. बारा महिन्यांनी नव्या जोडणीच्या गटात ७४ टक्के बाळं प्रत्यारोपणाशिवाय जिवंत, जुन्या गटात ६४. दहा टक्क्यांचा फरक, आपल्या शाखेत तर सोनंच. गोषवारा वाचणारे इथे थांबले. पण दोन्ही गटांचे जगण्याचे आलेख पुढे पाहिले तर त्या रेषा हळूहळू जवळ येतात. तीन वर्षांनी ६७ विरुद्ध ६१, आणि हा फरक योगायोगाने पडलेला नाही असं आता म्हणता येत नव्हतं. शिवाय नव्या जोडणीच्या मुलांना कॅथ लॅबमध्ये (जिथे रक्तवाहिनीतून नळी घालून उपचार करतात) जास्त वेळा यावं लागलं. म्हणजे कुठली जोडणी चांगली, याचं उत्तर "कधीपर्यंतचं विचारता?" यावर अवलंबून. कॉक्स मॉडेल या नेहमीच्या सांख्यिकी पद्धतीने एकच हॅझार्ड रेशो (दोन गटांतल्या धोक्याचं गुणोत्तर) काढून मोकळे होणाऱ्यांना हे दिसत नाही, कारण त्या मॉडेलचं गृहीतकच असं की दोन गटांतल्या धोक्याचं गुणोत्तर सगळा काळ सारखं राहतं. आईवडिलांना सांगताना मी आता "एक वर्षापर्यंत" हे शब्द गाळत नाही.

संधिवाताच्या हृदयविकाराचं थोडक्यात. २००७ मध्ये कंबोडिया आणि मोझांबिकच्या शाळकरी मुलांत स्टेथोस्कोपने हजारी दोन सापडले, एकोने हजारी २० ते ३०. आजार दहापट वाढला नव्हता, चाळणी बारीक झाली होती. ही एकोत दिसणारी पण त्रास नसलेली मुलं खरंच आजारी का, पेनिसिलिन द्यायचं का, यावर पंधरा वर्षं नुसते वाद. २०२२ मध्ये युगांडाच्या ८१८ मुलांवरची ट्रायल आली. दर चार आठवड्यांनी इंजेक्शन घेणाऱ्यांत दोन वर्षांत ०.८ टक्क्यांचा आजार पुढे सरकला, न घेणाऱ्यांत ८.२ टक्क्यांचा. म्हणजे एका मुलाचा आजार रोखायला साधारण तेरा मुलांना दोन वर्षं इंजेक्शनं. मोजमाप मात्र एकोवरचं आहे, दम लागण्याचं नव्हे, हे लक्षात ठेवून वाचा.

मग शिकायचं काय आणि कुठे? तुमच्या वयात मला कुणी सांगायला हवं होतं ते असं. गणिताची भीती सोडा. कॅल्क्युलस लागत नाही, लॉग आणि वर्गमूळ कळलं की पुष्कळ झालं. टक्केवारीभोवतीची अनिश्चितता, शक्यतांची उलटापालट, रिग्रेशन (कुठल्या घटकाचा निकालाशी किती संबंध आहे ते मोजणं) आणि जगण्याचे आलेख, एवढं स्वतःच्या डेटावर केलं तर एका वर्षात पचतं. वर्गात शिकून पचत नाही, मी दोन्ही करून पाहिलंय. डिग्री हवीच असेल तर डीएम झाल्यावर बघा. वेल्लोरच्या सीएमसीत बायोस्टॅटिस्टिक्सची एमएस्सी आहे, देवनारच्या आयआयपीएसमध्ये बायोस्टॅटिस्टिक्स आणि डेमोग्राफीची, आणि तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रामध्ये अच्युत मेनन केंद्राची एमपीएच. तोपर्यंत स्वतःचे प्रश्न तयार झालेले असतात, आणि प्रश्न घेऊन गेलेला विद्यार्थी दुप्पट घेऊन येतो. आत्ता दोन वर्षं हात एकोपासून दूर राहिला तर ते भरून काढणं अवघड जाईल. इथे तुमच्या सरांशी माझा मतभेद आहे.

करिअरमध्ये काय मिळतं, तेही स्पष्ट सांगते. पगारात एक रुपया वाढत नाही. मात्र एथिक्स कमिटी, नोंदणी, अनेक केंद्रांची ट्रायल, मार्गदर्शक सूचनांची समिती, अशा ठिकाणी डॉक्टर आणि आकडे दोन्हींची भाषा येणारी माणसं फार थोडी असतात, आणि बोलावणं त्यांनाच येतं. चाळिशीनंतर सतरा तास उभं राहण्याचा उत्साह ओसरला की या दुसऱ्या कामाची किंमत कळते.

तुमच्या मावसभावाला वाव आहे, पण जाहिरातीत दिसणार नाही. मेडिकल कॉलेजात पीएसएम विभागात स्टॅटिस्टिशियनचं पद असतं, बाकी हॉस्पिटलांत बहुधा नसतं. नोकऱ्या जास्त करून औषधांच्या ट्रायल चालवणाऱ्या कंपन्यांत. तिथे दोन-तीन वर्षं काढून तो इकडे आला तर हवाच आहे. लंडनमध्ये मुलांच्या हृदयशस्त्रक्रियेनंतरच्या धोक्याचं गणित बसवणाऱ्या क्रिस्टिना पेगल मुळात गणितज्ञ आहेत, डॉक्टर नाहीत. त्याला एकच अट घाला: दर आठवड्याला एखाद्या युनिटच्या केस-चर्चेत मागच्या खुर्चीवर बसायचं आणि एकोचा रिपोर्ट वाचायला शिकायचं. जो स्टॅटिस्टिशियन फोंटानच्या (एकाच कप्प्यावर चालणाऱ्या हृदयाच्या शेवटच्या टप्प्याच्या ऑपरेशनच्या) आधी गेलेली मुलं हिशोबात का नाहीत हे स्वतःहून विचारतो, त्याला आम्ही सोडत नाही.

शेवटी तुमचे चाळीस रुग्ण. १९३८ मध्ये भारतातल्या संख्याशास्त्राच्या परिषदेत रोनाल्ड फिशर म्हणाले होते की प्रयोग संपल्यावर संख्याशास्त्रज्ञाकडे जाणं म्हणजे त्याला शवविच्छेदन करायला सांगणं. तुमचा थिसिस अजून जिवंत आहे, म्हणून याच आठवड्यात जा. चाळीसपैकी आठ-दहा मुलांना अन्युरिझम असेल, तर एकाच मॉडेलमध्ये वय, लिंग, सीआरपी, प्लेटलेट, अल्ब्युमिन, तापाचे दिवस असं सगळं कोंबू नका. प्रत्येक घटकामागे निदान दहा अन्युरिझम हवेत असा ढोबळ अंदाज आहे, त्या मापाने तुमच्याकडे एकाच घटकापुरता ऐवज आहे. तो कुठला, हे डेटा बघायच्या आधी ठरवून गाईडच्या सहीने लिहून ठेवा. एसपीएसएस या सॉफ्टवेअरच्या मागे लागू नका, आर हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि आयुष्यभर पुरेल. आणि आज रात्री एक्सेल उघडाल तेव्हा वयाच्या रकान्यात "१ वर्ष ३ म." असं लिहिलं असेल ते काढून टाका. जन्मतारीख एका रकान्यात, एकोची तारीख दुसऱ्यात. वजन किलोत, उंची सेंटिमीटरमध्ये, नुसता आकडा. कोरोनरीचं माप मिलिमीटरमध्ये जसंच्या तसं, झेड नव्हे. झेड आपण नंतर काढू, दोन-तीन सूत्रांनी, आणि किती मुलं २.५ ची रेघ ओलांडून इकडची तिकडे होतात ते मला कळवा.